‘मार्ग’ हा शब्द प्रयोगशाळेत कसा पोहोचला



आपल्या मंडळीतली दहावी-अकरावीची मुले विज्ञानाच्या पुस्तकातून इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन असे शब्द पाठ करतात. मराठी माध्यमातल्या मुलांना धनाग्र, ऋणाग्र, विद्युत अपघटन हेही पाठ करावे लागते. हे शब्द अवघड वाटतात, परके वाटतात. कित्येकदा तर मुलांचा आणि पालकांचाही असा समज असतो की उपासनेची भाषा एक आणि विज्ञानाची भाषा दुसरीच, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

इलेक्ट्रोड, अॅनोड आणि कॅथोड या तीन शब्दांच्या शेवटी जो ‘ओड’ ऐकू येतो तो ग्रीक ‘होडॉस’ या शब्दाचा अवशेष आहे. होडॉस म्हणजे मार्ग, वाट. नव्या करारात हा शब्द पुष्कळ ठिकाणी येतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात थोमाच्या प्रश्नाला उत्तर देताना प्रभू येशू स्वतःला मार्ग, सत्य आणि जीवन म्हणतो, तेथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. हा शब्द विजेच्या अभ्यासात कधी आला, कोणी आणला आणि का आणला, याची नोंद पत्रांच्या रूपाने उपलब्ध आहे. ती हकिकत १८३४ सालच्या एप्रिल आणि मे महिन्यांतली आहे, आणि ती घडवणारे दोघेही ख्रिस्ती विश्वासणारे होते.

लोहाराचा मुलगा

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार होते. घरची गरिबी, त्यामुळे शाळा लिहिण्या-वाचण्यापुरती आणि थोड्या हिशेबापुरतीच. पुढे ते एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे सात वर्षे उमेदवारीला राहिले. बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता विज्ञानाची गोडी लागली. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुबक बांधून त्यांनाच पाठवली, आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची नोकरी मिळाली. १८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज आपल्या घरात येणारी बहुतेक वीज याच तत्त्वावर जनित्रात तयार होते.

फॅरडे सँडेमनियन नावाच्या एका लहानशा मंडळीचे सभासद होते. स्कॉटलंडमधले जॉन ग्लास आणि त्यांचे जावई रॉबर्ट सँडेमन यांच्या शिकवणीतून ती मंडळी उभी राहिली. पगारी पाळक नाहीत, मंडळीने निवडलेले वडीलच उपासना चालवतात, रविवारी सर्व जण एकत्र बसून प्रीतिभोजन करतात, अशी तिची साधी रीत होती. १८२१ मध्ये फॅरडे यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी त्यांनी मंडळीसमोर आपल्या विश्वासाची कबुली दिली. पुढे दोन वेळा ते मंडळीचे वडीलही झाले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा नाकारले.

या थोर माणसाला ग्रीक आणि लॅटिन येत नव्हते. त्या काळी ज्ञानाच्या जगात ही मोठी उणीव मानली जाई. नवी वस्तू सापडली की तिला ग्रीक किंवा लॅटिन नाव द्यायचे हा रिवाजच होता. ‘इलेक्ट्रिक’ हा शब्दही तसाच घडला. ग्रीकमध्ये ‘एलेक्ट्रॉन’ म्हणजे घासल्यावर हलक्या वस्तू ओढून घेणारा पिवळा तृणमणी. त्यावरून विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात ‘एलेक्ट्रिकस’ हे विशेषण वापरले. यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायात अग्नीच्या मध्यभागी जे तेज दिसते, त्यासाठी जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हाच ‘एलेक्ट्रॉन’ शब्द आहे.

खोटे बोलणारा शब्द

१८३३-३४ च्या सुमारास फॅरडे द्रावणातून वीज सोडून पदार्थांचे विघटन कसे होते याचा अभ्यास करत होते. द्रावणात दोन धातूच्या पट्ट्या बुडवायच्या, त्या विद्युतघटाला जोडायच्या, म्हणजे एका पट्टीपाशी एक पदार्थ सुटतो आणि दुसरीपाशी दुसरा. या पट्ट्यांना तोवर सगळे ‘पोल’ म्हणजे ध्रुव म्हणत. चुंबकाला दोन ध्रुव असतात आणि ते लोखंड ओढतात, तसेच या पट्ट्याही द्रावणातले कण आपल्याकडे ओढतात, अशी कल्पना त्या शब्दात दडलेली होती.

फॅरडे यांच्या प्रयोगांवरून त्यांना तसे दिसत नव्हते. त्यांच्या मते पट्टी स्वतः काही ओढत नाही. विजेचा प्रवाह द्रावणात जेथून शिरतो आणि जेथून बाहेर पडतो अशी ती फक्त दोन दारे किंवा वाटा आहेत. पण ‘ध्रुव’ हा शब्द वापरला की वाचणाऱ्याच्या मनात ओढण्याची कल्पना आपोआप येणार. म्हणजे जे सिद्ध झालेले नाही ते शब्दच आधी सांगून मोकळा होणार. ही गोष्ट फॅरडे यांच्या मनाला पटेना. त्यांना असे नाव हवे होते की जे पाहिले आहे तेवढेच सांगेल, आणि उद्या मत बदलले तरी खोटे पडणार नाही.

व्हिटलॉक निकोल नावाच्या एका डॉक्टर मित्राच्या मदतीने काही शब्द तयार झाले. ‘इलेक्ट्रोड’ म्हणजे विजेची वाट. ‘इलेक्ट्रोलाइट’ म्हणजे विजेने जे सुटे होते ते. यातला ‘लाइट’ प्रकाशाचा नव्हे, तो ग्रीक ‘लुओ’ म्हणजे सोडणे या धातूवरून आला. पण दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावे कोणती द्यायची हा प्रश्न उरला. त्या दिवसांत चर्चेत आलेले पर्याय आज वाचले की हसू येते. कोणी व्होल्टा आणि गॅल्व्हानी यांच्या नावांवरून शब्द पाडले, कोणी पूर्व-पश्चिम या दिशांवरून. फॅरडे यांनी स्वतः आधी ‘आइसोड’ आणि ‘एक्सोड’ म्हणजे आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट अशी जोडी धरली होती. तिनेही समाधान होईना.

सुताराच्या मुलाचे उत्तर

अखेर २४ एप्रिल १८३४ रोजी फॅरडे यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहिले.

ह्यूएल लँकेस्टरच्या एका सुताराचे पुत्र. शिष्यवृत्तीवर शिकून ते मोठे विद्वान झाले आणि चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाळकही झाले. १८४१ पासून १८६६ मध्ये मरेपर्यंत ते ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख होते. शब्द घडवण्यात त्यांचा हातखंडा होता. ‘सायंटिस्ट’ हा शब्द त्यांचाच. १८३३ मध्ये त्यांनी तो एका सभेत सुचवला आणि १८३४ मध्ये तो छापून आला. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना त्यांनी ‘इओसीन’, ‘मायोसीन’, ‘प्लायोसीन’ ही भूकालखंडांची नावे सुचवली होती. या नावांतला ‘सीन’ ग्रीक ‘काइनॉस’ म्हणजे नवा यावरून आला. आपल्या ‘नव्या करारा’च्या ग्रीक नावात जो ‘नवा’ आहे तो हाच ‘काइनॉस’. ‘इओसीन’ म्हणजे नव्याची पहाट.

ह्यूएल यांनी दुसऱ्याच दिवशी, २५ एप्रिलला, उत्तर लिहिले. त्यांनी दोन शब्द सुचवले: ‘अॅनोड’ आणि ‘कॅथोड’. ‘आना’ म्हणजे वर, ‘काता’ म्हणजे खाली. अॅनोड ही वर चढण्याची वाट, कॅथोड ही खाली उतरण्याची वाट.

येथे वर-खाली कशाचे? फॅरडे यांनी एक खूण मनात धरली होती. पृथ्वीचे चुंबकत्व तिच्याभोवती फिरणाऱ्या विजेमुळे आहे असे समजले, तर ती वीज पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे सूर्य जसा जाताना दिसतो त्या दिशेने वाहायला हवी. आता द्रावणातला प्रवाह त्याच दिशेने वाहील असे पात्र ठेवले, की प्रवाह पूर्वेच्या पट्टीतून आत शिरेल आणि पश्चिमेच्या पट्टीतून बाहेर पडेल. पूर्वेला सूर्य चढतो, म्हणून ती अॅनोड. पश्चिमेला उतरतो, म्हणून ती कॅथोड. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे खरे कारण पुढे काहीही निघो, सूर्य पूर्वेला उगवणे आणि पश्चिमेला मावळणे ही खूण बदलणार नव्हती.

मे महिन्याच्या सुरुवातीला आणखी पत्रे झाली. द्रावणातून पट्ट्यांकडे जाणाऱ्या कणांना काय म्हणायचे? ह्यूएल यांनी ५ मे रोजी लिहिलेल्या पत्रात ‘आयन’ सुचवला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘जाणारे’, एवढाच. अॅनोडकडे जाणारा तो अॅनायन, कॅथोडकडे जाणारा तो कॅटायन. कण कशाचा आहे, कोणी ओढला, का ओढला, याविषयी शब्द गप्प राहतो. तो जातो आहे हे दिसले, तेवढेच नाव सांगते. फॅरडे यांनी हे शब्द स्वीकारले आणि त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. काही मित्रांनी नाके मुरडली तेव्हा फॅरडे यांनी ह्यूएल यांच्या विद्वत्तेची ढाल पुढे केली, असे त्यांनी स्वतःच नंतर ह्यूएल यांना कळवले.

आपल्या भाषेशी नाते

मराठीत आपण ‘आयन’ हा शब्द आवाजावरून जसाच्या तसा घेतला. पण जाणे या अर्थाचा ग्रीक धातू आणि संस्कृतातला ‘इ’ धातू ही एकाच जुन्या घराण्यातली भावंडे आहेत. त्या संस्कृत धातूवरून ‘अयन’ म्हणजे जाणे हा शब्द झाला. उत्तरायण, दक्षिणायन हे शब्द आपल्या बोलण्यात आहेतच, आणि त्यांतही सूर्याचे जाणेच आहे.

हे घराण्याचे नाते ज्या युरोपीय लोकांना सर्वांत आधी जाणवले त्यांत आपले फादर थॉमस स्टीफन्स होते. हे इंग्रज येशूसंघी धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असे नोंदवले. पुढे १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले आणि मराठी ओवीतून तारणाची कथा घरोघरी गेली. सासष्टीत सेवा करणाऱ्या धर्मगुरूला जे नाते दिसले त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास युरोपात व्हायला पुढे दोनशे वर्षे लागली. तेव्हा ग्रीक शब्द आपल्या मुलांना अगदीच परके आहेत असे म्हणायचे कारण नाही.

शब्दाची परीक्षा

फॅरडे यांनी इतकी काळजी घेतली ती व्यर्थ गेली का? १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. मग असे समजले की तारेतून प्रत्यक्षात वाहणारे इलेक्ट्रॉन, आपण प्रवाहाची जी दिशा मानत आलो तिच्या उलट जातात. विजेविषयीची कितीतरी मते बदलली. अॅनोड, कॅथोड आणि आयन मात्र जागचे हलले नाहीत, कारण या नावांनी कोणत्याही मताची हमी दिलेलीच नव्हती.

आणखी एक उदाहरण मुलांना उपयोगी पडेल. विद्युत अपघटनात अॅनोड धन असतो, म्हणून मराठीत त्याला धनाग्र म्हणतात आणि तेथे ते नाव चपखल बसते. पण वीज पुरवणाऱ्या घटात, म्हणजे आपल्या बॅटरीत, अॅनोड हे ऋण टोक असते. तेथे धनाग्र या शब्दाने विद्यार्थी गोंधळतो. ‘वाट’ सांगणारे ग्रीक नाव दोन्हीकडे चालते.

दोन मंडळ्यांची माणसे

या पत्रव्यवहाराकडे मंडळीच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. फॅरडे आणि ह्यूएल एका मंडळीचे नव्हते. ह्यूएल राजमान्य चर्चचे पाळक आणि फॅरडे त्या चर्चबाहेरच्या एका छोट्या मंडळीचे सभासद. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या ख्रिस्ती माणसाला तेव्हा केंब्रिजची पदवी मिळत नसे. ती अट पदवीपुरती १८५६ मध्ये उठली. विशेष म्हणजे १८३४ सालीच यावरून केंब्रिजमध्ये वाद पेटला होता. ट्रिनिटीमधलेच कॉनप थर्लवॉल यांनी बाहेरच्या ख्रिस्ती लोकांना पदवी द्यावी अशी बाजू मे महिन्यात छापून मांडली, आणि त्यांना शिकवण्याचे पद सोडावे लागले. थर्लवॉल यांच्या काही मुद्द्यांना उत्तर देणारी पुस्तिका ह्यूएल यांनीही काढली.

म्हणजे ज्या वसंतात ह्यूएल एका बाहेरच्या मंडळीच्या माणसाला मन लावून शब्द शोधून देत होते, त्याच वसंतात त्यांचे कॉलेज अशा माणसांना पदवीच्या दाराबाहेर ठेवावे की नाही यावर भांडत होते. ह्यूएल यांना मी येथे ना दोषी ठरवत ना संत. माणसे अशीच असतात, आणि आपणही तसेच आहोत. आपल्या गावांत कॅथलिक, मेथडिस्ट, सी.एन.आय., सी.एस.आय. आणि कितीतरी स्वतंत्र मंडळ्या आहेत. नाताळच्या एकत्र कार्यक्रमाला आपण हस्तांदोलन करतो आणि वर्षभर एकमेकांची उपासना किती वाजता असते हेही आपल्याला ठाऊक नसते. फॅरडे यांना जे येत नव्हते ते त्यांनी दुसऱ्या मंडळीच्या माणसाकडे मागितले, संकोच न करता. आणि ह्यूएल यांनी दुसऱ्याच दिवशी दिले. पौलाने करिंथ येथील मंडळीला शरीराचा दृष्टांत देऊन हेच समजावले होते, की डोळ्याला हाताची गरज नाही असे म्हणता येत नाही.

आपल्या घरातला ‘होडॉस’

आता हाच शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात कोठे कोठे आहे ते पाहा. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये विश्वासणाऱ्यांना अंत्युखियात ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले असे अकराव्या अध्यायात आहे. त्याआधी नवव्या अध्यायात शौल दिमिष्काकडे निघतो तेव्हा ज्यांना पकडायचे त्यांची ओळख ‘त्या मार्गाचे’ लोक अशी आहे. तेथे ग्रीकमध्ये ‘होडॉस’च आहे.

निर्गम या पुस्तकाचे ग्रीक नाव ‘एक्सोडॉस’, बाहेर पडण्याची वाट. लूकाच्या नवव्या अध्यायात रूपांतराच्या डोंगरावर मोशे आणि एलीया प्रभूशी यरुशलेमेत होणाऱ्या त्याच्या प्रयाणाविषयी बोलतात, तेथेही मूळ शब्द ‘एक्सोडॉस’ आहे. पहिल्या निर्गमाचा पुढारी मोशे दुसऱ्या निर्गमाविषयी बोलतो आहे, हे मूळ शब्द माहीत असल्यावर अधिक स्पष्ट होते. फॅरडे यांनी आधी धरलेला ‘एक्सोड’ हाच शब्द होता.

‘सिनड’ म्हणजे ‘सिन’ अधिक ‘होडॉस’, सोबतची वाट. ‘मेथड’ म्हणजे वाटेच्या मागोमाग जाणे, पद्धत. ऑक्सफर्डमधल्या वेस्ली बंधूंच्या मंडळाची प्रार्थना, उपवास, सेवा इतकी पद्धतशीर चाले की लोकांनी चेष्टेने त्यांना ‘मेथडिस्ट’ म्हटले, आणि तेच नाव टिकले. विज्ञानाची ‘मेथड’ आणि मेथडिस्ट मंडळी यांचे मूळ एकच.

आणि तो ‘लुओ’ धातू? लाजर कबरेतून बाहेर आला, हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते, तेव्हा त्याला मोकळे करा म्हणून प्रभूने लोकांना सांगितले. योहानाच्या अकराव्या अध्यायात तेथे हाच धातू आहे. इलेक्ट्रोलाइट आणि इलेक्ट्रोलिसिस या शब्दांत जे सुटणे आहे, ते या वाक्यातले सोडणेच आहे.

एक सावधगिरी बाळगू या. शब्द एकच आहे म्हणून बायबलमध्ये विजेचे शास्त्र आधीच सांगितले होते असे कोणी म्हणू नये. नवा करार सामान्य लोकांच्या ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि युरोपातल्या विद्वानांनी शब्द घडवताना ग्रीक भाषाच उघडली, म्हणून दोन्हीकडे तेच शब्द भेटतात. यापेक्षा जास्त दावा केला तर ज्या प्रामाणिकपणासाठी फॅरडे यांनी महिनाभर धडपड केली, त्यालाच आपण धक्का लावू.

जिभेची शिस्त

माझ्या मते या हकिकतीतला आपल्यासाठीचा धडा येथेच आहे. ‘ध्रुव’ हा शब्द सोयीचा होता, सर्वांना समजत होता. पण त्यात न तपासलेली एक गोष्ट मिसळलेली होती, म्हणून फॅरडे यांनी तो टाकला. निर्जीव धातूच्या पट्टीविषयी त्यांनी जी काळजी घेतली ती आपण जिवंत माणसांविषयी घेतो का? एखाद्या कुटुंबात कलह झाला की आपण त्याला लगेच नाव देतो. एखादा तरुण उपासनेला येईनासा झाला की ‘थंड पडला’, ‘जगात गेला’ असे म्हणून टाकतो. आपण पाहिलेले असते एवढेच, की चार रविवार त्याची जागा रिकामी होती. बाकीचे सगळे शब्दाने भरलेले असते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा न्यायालयापुरती नाही. आपण ज्याला-त्याला जी नावे ठेवतो त्यांनाही ती लागू आहे.

या आठवड्यात एक करून पाहा. कोणाविषयी बोलताना स्वतःला विचारा, की मी पाहिले तेवढेच सांगतो आहे, की शब्दात आणखी काही घुसडतो आहे? आणि घरात विज्ञान शिकणारे मूल असेल तर त्याच्याजवळ बसून इलेक्ट्रोड या शब्दाची फोड करून दाखवा, मग योहानाचा चौदावा अध्याय उघडा.

हे प्रभू, तू स्वतःच मार्ग आहेस. आमच्या मुलांना अभ्यासात बुद्धी दे, आमच्या जिभेला सत्याची शिस्त दे, आणि वेगवेगळ्या मंडळ्यांत विखुरलेल्या आम्हा तुझ्या लोकांना एकमेकांकडे मागण्याची नम्रता आणि देण्याची तत्परता दे. आमेन.